दहा महिन्यांच्या बाळाचे हलव्याचे दागिने : ओवावे, चिकटवावे की शिवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा संक्रांतीला दहा महिन्यांचा होईल, त्याचे हे पहिलेच बोरन्हाण आहे आणि हलव्याचे दागिने घरीच करावेत अशी सासूबाईंची इच्छा आहे. बाजारातील तयार संच आपण हाताळून पाहिला, तेव्हा त्यातील दोन-चार दाणे नुसत्या बोटाच्या धक्क्याने निघाले आणि आपण धास्तावलात. त्यामुळे हलवा घरी करावा की विकत आणावा, दाणे दोऱ्यात ओवावेत की चिकटवावेत, चिकटवायचे तर कशाने, आणि बाळाने दागिना तोंडात घातला तर काय, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत; दागिने नंतर ठेवता येतील का, हेही जाता जाता विचारले आहे. मी सोलापुरात बरीच वर्षे बोरन्हाणाचे आणि नव्या सुनांच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने करून देत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बाळाने दागिना तोंडात घातला तर काय, हा चौथा प्रश्न आपण या चारांत शेवटी ठेवला आहे. मी तो आधी घेते, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरे त्यावर ठरतात. दहा महिन्यांचे मूल बसू लागलेले असते, रांगत असते, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीकसारीक वस्तू उचलणे त्याला नुकतेच साधलेले असते आणि उचललेले सारे काही ते तोंडात घालते. हलव्याच्या दागिन्यांचा रूढ घाट जरा मोठ्या मुलांना आणि नव्या नवरीला सोयीचा आहे. मुकुट, हार, बाजूबंद हे अंगावर लोंबतात, हलतात, काळ्या कपड्यावर उठून दिसतात आणि नेमके म्हणूनच या वयाचे मूल त्यांना ओढते. तेव्हा दाणे कशाने पक्के बसतील एवढाच विचार करून भागत नाही. कितीही पक्का बसवला तरी हलवा म्हणजे साखरच. लाळेने ती विरघळते, दोऱ्याची पकड सैल होते आणि जो दाणा कोरडा असताना जोर लावूनही हलत नव्हता, तो ओला झाल्यावर सहज हातात येतो. दाणा सुटला तरी तो बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचणार नाही, अशी दागिन्याची रचना करणे हे आपले खरे काम आहे.

एक माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी आपल्याकडे आयएस ९८७३ हे मानक आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याचे पालन बंधनकारक झाले आहे. अशा मानकांमध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे बारीक भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याइतका लहान मानतात. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे ही नळी त्याहून थोडीच मोठी. हलव्याचा दाणा, मोती, टिकली, घुंगरू, सोनेरी मणी हे सगळे तिच्यात आरामात मावतात. घरी केलेल्या दागिन्याला खेळण्यांचा कायदा लागू होत नाही हे खरे, पण बाळाचा घसा कायदा पाहून लहानमोठा होत नाही.

दुसरी गोष्ट गळ्याची. गळ्याभोवती पूर्ण फिरणारी आणि ओढल्यावर न तुटणारी कोणतीही माळ या वयात घालू नये, मग ती हलव्याची असो, मण्यांची असो की काळ्या दोऱ्याची. दात येताना बाळांना घालतात त्या अंबरच्या (झाडाच्या अश्मरूप डिंकाच्या मण्यांच्या) माळांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये पालकांना इशारा दिला होता. अठरा महिन्यांचे एक मूल दुपारच्या झोपेत अशा माळेने गळा आवळला जाऊन दगावले होते. बोरन्हाणात बाळ झोपलेले नसते आणि चार माणसे भोवती असतात, त्यामुळे तो धोका येथे पुष्कळ कमी आहे हे मला मान्य आहे. मात्र न्हाण आटोपले, बाळ कंटाळून आईच्या खांद्यावर झोपले आणि हार तसाच राहिला, असे समारंभाच्या घरी सहज घडते. ज्या दागिन्याची आठवण ठेवावी लागते, तो दागिना या वयाला नको.

म्हणून एक वर्षाच्या आतील बाळासाठी मी हार वेगळा करीतच नाही. तो झबल्यावर शिवते आणि हलव्यावर जाळी घालते. पद्धत अशी आहे. आधी झबले बेतून, शिवून आणि एकदा धुऊन घ्यावे, म्हणजे कापड आटायचे तेवढे आटते आणि खळही निघून जाते. मग हाराच्या आकाराची, दोन बोटे रुंद, इंग्रजी यू अक्षरासारखी पट्टी काळ्या सुती कापडाची दुहेरी कापावी. तिची दोन्ही टोके खांद्याच्या शिवणीपाशी थांबावीत, मानेमागे काहीही जाऊ नये. समोरून पाहणाऱ्याला हार पूर्ण दिसतो, मानेभोवती मात्र फास असा नसतोच. पट्टीवर खडूने नक्षी काढून घ्यावी. मधोमध एक मोठे फूल, दोन्ही बाजूंना उतरत्या मापाच्या कुयऱ्या किंवा पाकळ्या आणि कडेने बारीक दाण्यांची ओळ, एवढी नक्षी पुरे होते. फार गर्दी केली तर छायाचित्रात सगळेच पांढरे दिसते.

दाणा बसवताना तो सुईने टोचू नये. भोक पाडायला गेलात की दाणा दुभंगतो, आणि नाही दुभंगला तरी नंतर दोरा त्या भोकाची कड कापत राहतो. तेव्हा ‘ओवावे का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही, बांधावे’ असे आहे. पांढरा सुती दोरा दुहेरी घेऊन त्यावरून मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवावा, म्हणजे दोरा गुंतत नाही. सुई खालून वर काढावी, दोरा दाण्यावरून घेऊन पलीकडे खाली उतरवावा. मग पहिल्या टाक्याला आडवा दुसरा टाका त्याच दाण्यावरून घ्यावा. हलव्याला काटे असतात त्याचा उपयोग येथे कळतो. दोरा दोन काट्यांमधल्या खाचेत जाऊन बसतो आणि घसरत नाही. ओढ किती द्यायची हे पहिल्या पाच-सहा दाण्यांत हाताला समजते. जास्त ओढले तर काटा कट्कन मोडतो आणि बारीक साखर सांडते, कमी ओढले तर दाणा डुगडुगतो. बोटे कोरडी हवीत. घाम येणाऱ्या हातांनी हे काम केले तर दाण्याचा शुभ्रपणा जाऊन तो पिवळट आणि चिकट होतो. मी शेजारी तांदळाच्या पिठाची वाटी ठेवते आणि अधूनमधून बोटे त्यात बुडवून झटकते.

सर्व दाणे बांधून झाले की त्यावर बारीक भोकांची मऊ जाळी पसरावी. मॅचिंग सेंटरमध्ये ओढण्यांसाठी पांढरी किंवा काळी नेट मिळते, तीच घ्यावी. भोके मोहरीपेक्षा लहान असावीत आणि दोन बोटांनी ताणली असता जाळी फाटता कामा नये. पांढरी जाळी घेतली तर हलव्यावर दव पडल्यासारखे दिसते, काळी घेतली तर ती कापडात मिसळून जाते आणि दाणे उठून दिसतात. मला काळी अधिक आवडते. जाळीच्या कडा आत दुमडून चारी बाजूंनी बारीक धावदोरा घालावा आणि त्यावरून काज टाका घ्यावा. एवढ्यावर न थांबता प्रत्येक फुलाभोवती आणि प्रत्येक कुयरीभोवती जाळीतून खालच्या कापडापर्यंत धावदोरा घालावा, म्हणजे हाराचे लहान लहान खण पडतात. उद्या एका जागी जाळी उसवली तर तेवढाच खण उघडेल, सगळा हार रिकामा होणार नाही. हे खण पाडण्याचा कंटाळा पुष्कळ जणी करतात, आणि ज्या संचातील दाणे जमिनीवर सांडलेले दिसतात त्यांत बहुधा हेच राहून गेलेले असते.

पट्टीच्या मागे अस्तर लागतेच, कारण हलव्याचे काटे जाडजूड कापडातूनही बाळाच्या छातीला टोचतात. आपण सोलापुरात आहात, तेव्हा अस्तरासाठी वेगळा खर्च करू नका. टॉवेलच्या कारखान्यांतून निघणारे तुकडे किंवा घरातील जुना, धुऊन मऊ झालेला टॉवेल यांच्याइतके चांगले अस्तर दुसरे नाही. ते जाड असते, घाम शोषते आणि त्वचेला बोचत नाही. अस्तर लावलेली पट्टी झबल्यावर जवळजवळ टाके घालून टाचावी. सेफ्टी पिनने लावू नये. टाचण्या वापरल्या असतील तर काम सुरू करताना मोजून घ्याव्यात आणि संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. शेवटी पट्टीची दोन्ही टोके आणि प्रत्येक खण बाळ ओढेल तसा, पण त्याच्या दुप्पट जोराने ओढून पाहावा. मग एक कोपरा ओल्या फडक्याने दाबून पुन्हा ओढावा. ओल्या कोपऱ्याची परीक्षा खरी.

एवढे केल्यावर बाळाने हाराची कड तोंडात घातलीच, तर जाळीतून थोडी साखर जाईल, दाणा जाणार नाही. दोन वर्षांच्या आत वरची साखर शक्यतो देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, पण एका दिवशी जिभेला साखर लागल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. हलव्याच्या पोटात तीळ असतात आणि तिळाची ॲलर्जी काही मुलांना असते. आपल्या बाळाने अजून तीळ खाल्ले नसतील किंवा घरात कोणाला ती ॲलर्जी असेल, तर खसखशीचा किंवा साबुदाण्याचा हलवा निवडावा आणि आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

आता चिकटवण्याबद्दल. तयार संचांमध्ये दाणे पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले असतात. तो गोंद लाकूडकामाचा असतो, खाण्याचा नव्हे, आणि गुळगुळीत सोनेरी कागदावर तो फक्त दाण्याच्या काट्यांच्या टोकांना पकडतो. आपल्या हातात दाणे आले त्याचे कारण हेच. बाळाच्या दागिन्यात मुख्य आधार टाक्यांचाच असावा. कोठे तरी दाणा नुसता जागेवर थांबवण्यापुरता चिकटवावा लागलाच, तर दोन पर्याय चांगले आहेत. खायचा डिंक थोड्याशा पाण्यात रात्रभर भिजवून मधासारखा घट्ट करावा, किंवा बेकरीच्या सामानात मिळणाऱ्या आयसिंग शुगरमध्ये थेंब थेंब पाणी घालून लुसलुशीत लगदा करावा. दुसरा पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो, कारण साखरेला साखर एकजीव धरते आणि रंगही पांढराच राहतो. दोन्हींत पाणी कमीत कमी हवे, नाहीतर दाण्याचा तळ विरघळतो. तापवून लावायची गोंदाची बंदूक आणि क्षणात चिकटणारे द्रव गोंद यांना या कामात थारा देऊ नये. त्यांचे वाळलेले कडक तुकडे सुटतात आणि ते दाण्याइतकेच धोक्याचे.

हलवा घरी करावा का, हे आपल्याकडे किती सकाळी मोकळ्या आहेत आणि रांगते मूल त्या वेळी कोण सांभाळणार आहे यावर अवलंबून आहे. रीत अवघड नाही, चिकाटीची आहे. दोन चमचे तीळ किंवा खसखस कोरडी भाजून परातीत घ्यावी. एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी यांचा पाक एकतारीच्या अलीकडे उतरवावा, वर आलेली मळी चमचाभर दूध घालून काढून टाकावी. परात अगदी मंद आचेवर ठेवून चमचाभर पाक घालावा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहावे. पाक पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा चमचा घालू नये. तळाशी साठणारी साखरेची भुकटी अधूनमधून चाळून काढावी, नाहीतर ती दाण्यांना लागून काटे बुजतात. आच वाढली की रंग पिवळा पडतो, पाक एकदम जास्त पडला की दाण्यांचे गठ्ठे होतात. कोरडी थंडी असेल तर काटा छान फुलतो, आणि आपल्याकडचा जानेवारी त्या दृष्टीने अनुकूल असतो. आभाळ भरून आले तर त्या दिवशी परात मांडूच नये. नक्षीला पुरेल एवढा, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत वेगवेगळ्या मापांचा हलवा करायला एका माणसाच्या तीन-चार सकाळी सहज जातात.

माझा सल्ला असा की हलवा विकत आणावा आणि दागिने घरी करावेत. सासूबाईंना हलवाही घरचाच हवा असेल आणि त्या स्वतः परातीपाशी बसणार असतील तर आनंदच आहे, पण दहा महिन्यांचे मूल असलेल्या आईने तापलेल्या परातीपुढे तासन्‌तास बसण्याचा हट्ट धरू नये. विकतचा घेताना रंगीत टाळून पांढरा घ्यावा, हातात घेतल्यावर चिकटणारा घेऊ नये, आणि पोटात शेंगदाणा, लवंग किंवा काजूचा तुकडा असलेला मोठा हलवा बाळाच्या दागिन्यासाठी मुळीच घेऊ नये. साखर विरघळल्यावर आत काय उरते ते महत्त्वाचे आहे. तीळ उरला तर विशेष काही बिघडत नाही, शेंगदाणा मात्र लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या पदार्थांतला अगदी नेहमीचा आहे. खरेदी संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी उरकावी. एकदा नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि होम मैदानाची गर्दी सुरू झाली की मधला मारुती आणि टिळक चौकाकडे बाळाला घेऊन जाणे नकोसे होते, आणि चांगला हलवाही तोवर संपत आलेला असतो. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, तेव्हा संक्रांतीच्याच दिवशी सगळे जुळवण्याची ओढाताण करू नये, हेही सुचवून ठेवते.

बाकीच्या दागिन्यांचे थोडक्यात सांगते. मुकुट पुठ्ठ्याचा करू नये. त्याची कड कपाळाला लागते आणि बाळ तो पहिल्या मिनिटाला भिरकावते. मऊ कापडाच्या, अस्तर लावलेल्या पट्टीवर समोरच्या भागात तीन पाकळ्या उभ्या कराव्यात, आत तार न घालता बक्रम (कडक अस्तराचे कापड) घालावे, हलवा वरच्याच रीतीने जाळीखाली बसवावा आणि मागे इलॅस्टिकऐवजी बोटभर वेल्क्रो लावावे. वेल्क्रो ओढल्याबरोबर सुटते, म्हणून मुकुट खाली घसरून गळ्यात आला तरी अडकून राहत नाही. हनुवटीखाली बांधायचे बंद लावू नयेत. कुंची किंवा टोपड्यावर हलवा शिवणार असाल तर तिचेही बंद काढून टाकावेत. बाजूबंद झबल्याच्या बाहीवरच शिवावेत. कंबरपट्टा याच पद्धतीने झबल्यावर बसवता येतो, पण बाळ बसल्यावर पोटाशी घडी पडून दाणे चुरडतात, म्हणून तो अरुंद ठेवावा. कृष्णाची बासरी हवीच असेल तर ती कापडाची गुंडाळी करून शिवावी. पेन्सिल, काडी किंवा स्ट्रॉवर सोनेरी कागद गुंडाळून हातात देऊ नये. ती तोंडात धरून बाळ पुढे पडले तर तोंडातल्या टाळूला जखम होते. कानातले आणि अंगठ्या यांचा विचारच सोडून द्यावा. आणि आपण स्वतः हलव्याचे दागिने घालणार असाल तर बाळाला कडेवर घेण्यापूर्वी ते उतरवावेत, कारण आपल्या गळ्यातला हार त्याच्या हाताला सगळ्यांत जवळचा असतो.

यावर सासूबाईंची हौस अपुरी राहील असे वाटत असेल, तर एक तोड आहे. जाळी नसलेला, सुटा, पारंपरिक घाटाचा पूर्ण संच त्यांच्या हातून करून घ्यावा आणि तो बाळासमोर नव्हे, मागच्या चौरंगावर ताटात मांडावा. छायाचित्रात तो येतो, आलेल्या बायकांना हातात घेऊन पाहता येतो आणि नंतर घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना मिरवायला मिळतो. त्या वयाची मुले सांगितलेले ऐकतात, दागिना तोंडात कोंबत नाहीत, आणि हलवा खाल्लाच तर चावून खातात. दीड-दोन वर्षांच्या मुलांना मात्र मी अजून जाळीचाच दागिना देते. अडीच-तीनच्या पुढे मूल पाहून ठरवते, कारण काही मुलांची वस्तू तोंडात घालण्याची सवय लवकर सुटते आणि काहींची सुटत नाही.

आपण ओघात लिहिले आहे की बाळाच्या हातात आजीने केलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या आहेत आणि पायात पांढऱ्या धातूचे वाळे आहेत. त्यांबद्दल आपण विचारले नाही, तरी दोन शब्द. मनगट्यांचे मणी एकाच दोऱ्यात नुसते ओवलेले असतील तर दोरा तुटताच सगळे सुटतात; पटवेकऱ्याकडून किंवा घरी प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून घ्यावी, म्हणजे तुटले तरी एखादाच मणी सुटेल, आणि तरीही दोरा दर आठवड्याला तपासावा, रात्री मनगट्या काढून ठेवाव्यात. वाळे चांदीचे असतील तर फक्त त्यांची टोके बोथट आहेत ना आणि घुंगरू घट्ट आहेत ना एवढे पाहावे. जर्मन सिल्व्हर म्हणून विकतात त्या धातूत चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि निकेलने पुष्कळांच्या त्वचेवर पुरळ उठते. कसलीही माहिती नसलेले स्वस्त, जड, करड्या रंगाचे पदक किंवा लटकन बाळाच्या तोंडात जाईल असे ठेवू नये. अशा दागिन्यांत शिसे असल्याचे परदेशांत वारंवार आढळले आहे, आणि अमेरिकेत २००६ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा शिशाचे पदक गिळल्याने मृत्युमुखी पडला होता.

न्हाणाच्या वेळचेही ठरवून ठेवावे, कारण दागिना निर्धोक केला आणि वरून शेंगदाणे ओतले तर काय साधले? आपल्या शहरात मराठी घरी बोरन्हाण होते तसे तेलुगू घरांत भोगीला मुलांच्या डोक्यावरून बोरे, फुले आणि नाणी ओततात. दोन्हीकडे या वयाच्या मुलासाठी मी एकच सांगते. डोक्यावरून ओतायला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्याव्यात. बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, गोळ्या आणि नाणी वेगळ्या परातीत घेऊन बाजूला बसलेल्या मोठ्या मुलांपुढे ओताव्यात. लुटायचे त्यांनाच असते. उमराणसारखे टपोरे बोर उंचावरून पडले तर डोक्यावरच्या टाळूला लागते, तेव्हा औक्षणाच्या वेळी एखादे बोर नुसते डोक्याला लावून खाली ठेवावे, रीत पाळली जाते. बाळ आईच्या किंवा आजीच्या मांडीवर असावे आणि त्याचे दोन्ही हात पाहत राहण्याचे काम एका माणसाकडे असावे, छायाचित्रे काढणाऱ्याकडे नव्हे. कार्यक्रम संपला की सतरंजी उचलून बाहेर झटकावी आणि फरशी लगेच झाडावी. पलंगाखाली गेलेला हरभरा रांगणाऱ्या बाळाला दुसऱ्या दिवशी बरोबर सापडतो. एवढे करूनही काही घशात अडकले, बाळाला खोकता किंवा रडता येईनासे झाले, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या द्याव्यात, मग उलटवून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाजवळील भागाने पाच वेळा दाबावे, हे आलटून पालटून चालू ठेवावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. घरातील एकाने तरी हे आधी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून ठेवावे.

काम सुरू करताना क्रम असा ठेवावा : झबले शिवून धुणे, हलवा निवडणे, पट्टीवर दाणे बांधणे, जाळी आणि खण, अस्तर, मग ओढून व ओले करून पाहणे, आणि सगळ्यांत शेवटी, बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी, पट्टी झबल्यावर टाचणे. आधीच टाचली तर झबल्याच्या घडीत दाणे दबतात.

दागिने नंतर ठेवता येतील का, हे आपण शेवटच्या ओळीत विचारले आहे. झबल्यावरचे टाके उसवून पट्टी वेगळी करावी, लाळेने ओला झालेला खण उन्हात नव्हे, सावलीत वाळवावा आणि पट्टी कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवावी. मुंग्या लागतात म्हणून डब्यात डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत आहे, ती या दागिन्यांसाठी आणि बाळाच्या कोणत्याही कपड्यासाठी पूर्ण बंद करावी. त्या गोळ्यांतील नॅप्थलीन काही मुलांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या, रक्तातील तांबड्या पेशी फोडते. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला तरी पुरते. एका पावसाळ्यानंतर बहुतेक हलवा पिवळा पडतो, त्याला इलाज नाही. पट्टी मात्र टिकते. पुढच्या वर्षी खणांचा काज टाका एका बाजूने उसवून जुने दाणे काढावेत, नवे बांधावेत आणि तीच पट्टी मोठ्या मापाच्या झबल्यावर टाचावी. खांद्याशी थोडी कमी पडली तर दोन्ही टोकांना एकेक पाकळी वाढवता येते.